तिसरं मांजर

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत राक्षस पुष्कळ असतात, पण खेळणाऱ्यांची खरी लढाई राक्षसांशी नसते. ती आपापसांत असते आणि तिचा विषय कधी बदलत नाही: कुठला क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, भारी आणि कुठला फुकट. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतली पोरं तळघरात बसून जो खेळतात, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यांतला आद्य खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला, तेव्हा त्यात तीनच क्लास होते: हाणामारी करणारा फायटिंग-मॅन, जादू करणारा मॅजिक-यूजर आणि देवाचं नाव घेऊन दोन्ही थोडंथोडं करणारा क्लेरिक. पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' नावाच्या पुरवणीतून थीफ, म्हणजे चोर, आला. पुढे क्लास वाढत गेले, आवृत्त्या येत गेल्या आणि भांडायला माल वाढत गेला. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक जण एकेका पात्राचा संसार सांभाळतो, एक जण डंजन मास्टर होऊन उरलेल्या सगळ्या जगाचा कारभार बघतो, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्र पहिल्या लेव्हलला सुरू होतं आणि जगलं-वाचलं तर वर चढतं.

माझं म्हणणं असं की हा वाद, खालच्या लेव्हलपुरता तरी, चुकीच्या मापाने घातला जातो. कोणी वहीत आकडेमोड करून दर राउंडला किती डॅमेज होतं ते मांडतो. कोणी गेल्या शनिवारी काय झालं ते तावातावाने सांगतो. कोणी 'विसाव्या लेव्हलला बघ मग' म्हणून भविष्याकडे बोट दाखवतो. पहिल्या चार-पाच लेव्हलना यांतलं एकही माप धड लागू पडत नाही. तिथे मोजायची ती पाळी. खेळाडूची पाळी आली तेव्हा त्याच्यापुढे करण्याजोगं काही होतं का, ते केल्यावर टेबलावरच्या परिस्थितीत काही फरक पडला का, आणि पुढची पाळी येईपर्यंत गडी शुद्धीवर होता का? रात्रीच्या चार तासांत असं किती वेळा झालं त्यावर क्लासची किंमत ठरवावी.

आधी 'जगलं-वाचलं तर' या अटीकडे बघू. टॉम मॉल्डवे यांनी संपादित केलेला १९८१ चा बेसिक संच घ्या. त्यात पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरचे हिट पॉइंट, म्हणजे त्याचा जीव, चार बाजूंच्या फाशाने ठरतात. फायटरचे आठ बाजूंच्या. गॉब्लिनचा वार लागला की सहा बाजूंचा फासा पडतो, आणि जीव शून्यावर आला की माणूस मेला, अपील नाही. आता अंगकाठीचे जादा पॉइंट सोडून देऊन शक्य तेवढी सगळी दानं मांडून बघितली, तर गॉब्लिनचा एक वार लागल्यावर मॅजिक-यूजर मरायची शक्यता ७५ टक्के येते. आणि फायटर मरायची? जवळजवळ ४४ टक्के. म्हणजे त्या जगातला दणकट गडी म्हणून ज्याच्याकडे बघून बाकीचे हिंमत धरतात, तोही लागलेल्या पहिल्या वाराला नाणेफेकीपेक्षा जेमतेम बऱ्या भावाने तगतो. दोघांत फरक नाही असं नाही, पण तो आज जाणारा आणि उद्या जाणारा यांच्यातला आहे. मॉल्डवेंना याची कल्पना असावी, कारण पहिल्या लेव्हलच्या हिट पॉइंटचं दान १ किंवा २ पडलं तर डंजन मास्टरने पुन्हा टाकू द्यायला हरकत नाही, अशी मुभा त्यांनी दिली आहे. दयेचा अर्ज नियमपुस्तकातच छापून ठेवलेला.

त्याच संचातला पहिल्या लेव्हलचा चोर तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सापळा शोधायची त्याची शक्यता १० टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ सापळ्यांचा शोध त्याला सापळ्याकडूनच लागतो. कुलूप उघडणं १५ टक्के. एवढ्या यशावर कुठल्याही गावातला चावीवाला उपाशी मरेल. सावलीत लपणं पुन्हा १० टक्के, त्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीत उभा राहिलेला एक माणूस असतो आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत असतं. भिंत चढणं मात्र ८७ टक्के! हे त्याचं खरं कसब. उरलेल्या १३ टक्क्यांत तो पडतो, आणि पडण्याचा हिशेब दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा. चोराचे हिट पॉइंट मॅजिक-यूजरसारखेच चार बाजूंच्या फाशाचे, तेव्हा ज्या एका कामात तो तरबेज, तेच काम त्याला न्यायला आलेलं. क्लेरिकची कथा निराळी. त्याला पहिल्या लेव्हलला एकही मंत्र मिळत नाही. देव आधी वर्तणूक बघून घेतो.

हे सगळं रचणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं होतं असं मानायचं कारण नाही. त्यांनी तोल साधला होता, पण तो बढतीच्या वेगात. अनुभवाचे १,२०० पॉइंट जमले की चोर दुसऱ्या लेव्हलला जातो, फायटरला त्यासाठी २,००० लागतात, मॅजिक-यूजरला २,५०० आणि चिलखत, तलवार व मंत्र असं तिन्ही घेऊन येणाऱ्या एल्फला ४,०००. मॅजिक-यूजर दुसऱ्या लेव्हलची पेढेवाटणी करतो तोवर चोर तिसऱ्या लेव्हलला पोचलेला असतो. कागदावर ही योजना फार सुबक दिसते. दुबळ्याला लवकर बढती, बलवानाला उशिरा, आणि मॅजिक-यूजरला सुरुवातीची उपासमार सोसल्याबद्दल पुढे कधीतरी अग्निगोल, उडणं आणि अदृश्य होणं अशी भरघोस पेन्शन.

इथे पहिला आणि वजनदार आक्षेप येतो. तोल आयुष्यभराचा बघायचा असतो, एका लेव्हलचा कसला बघता? सुरुवातीला फायटर मॅजिक-यूजरला वाचवतो, शेवटी मॅजिक-यूजर फायटरला वाचवतो, फिट्टंफाट. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि जुन्या खेळाडूंच्या तोंडी तो विशेष शोभतो. अडचण अशी की या पेन्शनला पात्र व्हायच्या आधी नोकरीत टिकावं लागतं, आणि टिकायची शक्यता किती ते वर पाहिलंच. 'शेवटी विझर्डच, म्हणजे मॅजिक-यूजरच, भारी' ही साक्ष देणारे सगळे जगलेले विझर्ड असतात. गॉब्लिनच्या पहिल्या वाराला गेलेल्यांची साक्ष कोणी नोंदवलेली नाही; त्यांच्या मालकांनी तिथल्या तिथे नवीन कागद घेऊन फायटर बनवला. शिवाय पात्र टिकलं तरी मोहीम टिकायला हवी. पाच प्रौढ माणसांच्या एकाच दिवशी मोकळ्या असणाऱ्या संध्याकाळी हा या खेळातला ड्रॅगनपेक्षा दुर्मीळ प्राणी आहे. कोणाची बदली होते, कोणाचं लग्न ठरतं, कोणाच्या पोराची दहावी येते, आणि मोहीम चौथ्या-पाचव्या लेव्हलला, पुढच्या आठवड्यात नक्की भेटायचं ठरवून, कायमची संपते. आणि समजा पोचलेच सगळे वरपर्यंत, तर तिथे काय होतं? ज्याने आधी दहा रात्री बघत बसून काढल्या तो आता बाकीच्यांना दहा रात्री बघत बसवतो. याला फार तर सूड म्हणता येईल.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तिने बढतीचे वेगवेगळे तक्ते मोडून सगळ्यांना एकच तक्ता लावला: दुसऱ्या लेव्हलला १,००० पॉइंट, मग तुम्ही कोणीही असा. जुन्या सौद्यातली नुकसानभरपाई गेली, पण मॅजिक-यूजर, जो आता विझर्ड म्हणवत होता, चार बाजूंच्या फाशावरच राहिला. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट पूर्ण मिळतात एवढीच सवलत, म्हणजे चार. आणि याच आवृत्तीच्या प्राण्यांच्या यादीत घरगुती मांजराचे आकडे दिले होते. कोणाला मांजराशी लढावंसं वाटेल म्हणून ते दिले, हे मला आजवर उमगलेलं नाही, पण एकदा छापले म्हटल्यावर लोक हिशेब करणारच. मांजर एका राउंडला तीन हल्ले करतं: दोन पंजे आणि एक चावा. त्याची ताकद इतकी कमी की डॅमेजमधून ४ वजा होतात, पण नियम असा की लागलेल्या वाराचं डॅमेज निदान १ तरी धरायचं. चिलखत नसलेल्या सामान्य अंगकाठीच्या विझर्डला प्रत्येक पंजा लागण्याची शक्यता ७५ टक्के, चावा लागण्याची ५०. बेरीज करा: सरासरी राउंडला बरोबर दोन पॉइंट. दोन राउंड झाले की जादूविद्येचा अभ्यासक पायपुसण्यावर आडवा.

विझर्डने काठीने प्रतिकार केला तर मांजराला ती लागण्याची शक्यता ३५ टक्के. त्याच्या हाती एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे मॅजिक मिसाइल. हा मंत्र चुकत नाही, त्याचं डॅमेज कमीत कमी दोन, आणि मांजराचे हिट पॉइंट दोन. अगदी मापात! मात्र पहिल्या लेव्हलच्या विझर्डला, बुद्धी चांगली असेल तर, दिवसाला असे दोन मंत्र मिळतात. दोन मांजरं आली तर दिवस संपला. तिसरं आलं तर विझर्ड संपला. आता याच आवृत्तीतला हा विझर्ड वरच्या लेव्हलला जग हलवून सोडतो म्हणून त्याला खेळातला सर्वांत बलवान क्लास म्हणणारे हजारो आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. पण एकच क्लास मांजराला घाबरतो आणि सम्राटांना घाबरवतो, यातून इतकं तरी कळावं की 'हा क्लास भारी आहे का' हा प्रश्न लेव्हल सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

आकडेवाल्यांकडे वळू. ही मंडळी अभ्यासू असतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, विशेषतः त्यांच्या चिकाटीबद्दल. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचा फायटर तलवारीने आठ बाजूंचा फासा अधिक तीन एवढं डॅमेज करतो, विझर्ड फायर बोल्टने दहा बाजूंच्या फाशाएवढं. चिलखताचा आकडा १५ असलेल्या गॉब्लिनला दोघांचेही वार ५५ टक्के वेळा लागतात. म्हणजे राउंडला सरासरी फायटरचे साधारण चार पॉइंट, विझर्डचे तीन. झाला निकाल: फायटर एका पॉइंटने सरस. आता त्याच विझर्डकडे स्लीप नावाचा मंत्र आहे. पाच फासे, आठ बाजूंचे. जी बेरीज येईल तितक्या हिट पॉइंटांचे प्राणी झोपतात. बेरीज सरासरी २२ ते २३. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. तीन गॉब्लिन एका पाळीत घोरायला लागतात. वहीत या पाळीचं डॅमेज किती लिहायचं? शून्य. मग फायटर सावकाश जाऊन झोपलेल्या तिघांना एकेक करून मारतो आणि वहीत त्याच्या नावावर २१ पॉइंट जमा होतात. क्लेरिकने ब्लेस म्हणून तिघांच्या फाशात चार बाजूंचा एक फासा वाढवून दिला, त्यामुळे जे वार चुकायचे ते लागले, ते सगळे लागणाऱ्यांच्या खात्यात. क्लेरिक पुन्हा शून्यावर. बार्ड व्हिशस मॉकरी करतो, म्हणजे गॉब्लिनला इतका जिव्हारी लागणारा टोमणा मारतो की त्याला चार बाजूंच्या फाशाएवढं डॅमेज होतं आणि पुढचा वार बिचकत करावा लागतो. चार बाजूंचा फासा वहीत दिसतो. बिचकण्यामुळे कोणाचा जीव वाचला ते दिसत नाही. (टोमण्याने मरणारा गॉब्लिन ही या खेळातली मराठी माणसाला सर्वांत पटणारी गोष्ट असावी.)

यावर कोणी म्हणेल, वही नको तर अनुभव घ्या. खेळून बघा, कळेल. अनुभवाबद्दल तर बोलूच नये. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० पॉइंट लागतात. गॉब्लिनचे प्रत्येकी ५०. चार गॉब्लिन, चार खेळाडू, म्हणजे लढाईमागे वाट्याला ५०. सहा लढाया झाल्या की पहिली लेव्हल संपली. लढाई तीनेक राउंड चालते. तेव्हा फायटर म्हणून पहिल्या लेव्हलच्या अख्ख्या कारकिर्दीत अठरा-वीस वार होतात. वीस वारांत सरासरी ११ लागतात, पण ७ लागले काय किंवा १५ लागले काय, दोन्ही नशिबाच्या नेहमीच्या हेलकाव्यातच येतं. वीस बाजूंच्या फाशावर अधिक-एक म्हणजे पाच टक्के. पाच टक्क्यांचा फरक निव्वळ खेळून खात्रीने ओळखायचा तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने प्रत्येक बाजूचे दीड हजारांच्या घरात वार बघावे लागतील. आपण वीस बघतो आणि निकाल देतो, तोही आयुष्यभरासाठी. 'रेंजर फालतू आहे' असं ठामपणे सांगणाऱ्याची उलटतपासणी केली तर बऱ्याचदा शेवटी निघतं इतकंच, की त्या रात्री रेंजरवाल्याला लागोपाठ चार वेळा दोन-तीनचं दान पडलं होतं.

रेंजरचं नाव निघालंच आहे तर त्याच्यावर थोडा अन्यायही झाला आहे, तो सांगतो. २०१४ च्या नियमांत तो पहिल्या लेव्हलला एक आवडता शत्रू आणि एक आवडता भूभाग निवडतो. दलदल निवडली की दलदलीत तो राजा: वाट चुकत नाही, अन्न सापडतं, मागचे ठसे वाचतो. त्यानंतर डंजन मास्टर मोहीम शहरात नेतो. त्या बिचाऱ्याची विद्या खरी असते, फक्त ती दलदलीची वाट बघत बसलेली असते. पाळीच्या मापाने रेंजर खरोखर कमी पडतो, पण त्याचं कारण क्लासमध्ये जेवढं आहे तेवढंच मोहिमेच्या नकाशात आहे.

दिवस किती लांब हेही तसंच. २०१४ चं डंजन मास्टरचं पुस्तक असं गृहीत धरतं की मंडळी एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी झेलतात, मधे दोनदा टेकतात आणि रात्री झोपतात. या हिशेबाने विझर्डला आपले दोन-तीन मंत्र जपून वापरावे लागतात आणि न दमणारा फायटर दिवसभर उपयोगी पडतो. प्रत्यक्षात बहुतेक टेबलांवर रात्री दहा वाजता कोणाला तरी दुसऱ्या दिवशीची लोकल आठवते, म्हणून एका रात्रीत एकच मोठी लढाई होते आणि तीच गोष्टीतल्या दिवसाचीही एकमेव लढाई ठरते. मग विझर्ड सगळे मंत्र एका झटक्यात उधळतो आणि सरस दिसतो. तासाभराच्या विश्रांतीनंतर मंत्र परत मिळवणारा वॉरलॉक, ज्याच्या गाठीला पहिल्या लेव्हलला एकच मंत्र असतो, तो एक मंत्र टाकून त्याच्यासमोर भिकारी दिसतो. क्लास तेच, नियम तेच, फक्त लोकलची वेळ बदलली.

आकडेवाल्यांचं एक उत्तर मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. ते म्हणतात, माणसांनी वीस वार बघितले म्हणून काय झालं, संगणकावर लाखभर लढाया लावू आणि पाच टक्केही पकडू. पकडाल, नक्की पकडाल. पण संगणकाला आधी सांगावं लागतं की या पात्राने काय करायचं. फायटरसाठी ते एका ओळीत सांगून होतं. बाकीच्यांसाठी सांगता येत नाही, आणि खालच्या लेव्हलला तर मुळीच नाही, कारण तिथे शहाणा खेळाडू क्लासच्या भरवशावर राहतच नाही. पुन्हा १९८१ च्या संचात जाऊ. मूळ नियमाप्रमाणे त्यात सगळ्या शस्त्रांचं डॅमेज सारखंच, सहा बाजूंच्या एका फाशाचं. शस्त्रागणिक निराळे फासे हा ऐच्छिक नियम. आणि बाजारात सोन्याच्या दोन नाण्यांना तेलाची बाटली मिळते. ती पेटवून फेकली की आठ बाजूंचा फासा. कित्येक वर्षं तलवारबाजी शिकलेल्या माणसापेक्षा वाण्याच्या दुकानातून आलेला माणूस जास्त घातक! दोरी, दहा फुटी काठी, मागे ठेवलेला भाडोत्री हमाल, गॉब्लिनला देऊ केलेली लाच, आणि योग्य वेळी पळ काढणं, ही खालच्या लेव्हलची खरी हत्यारं आहेत आणि ती कुठल्याच क्लासच्या पानावर छापलेली नाहीत. लाखभर लढाया लावणाऱ्या संगणकात पळून जाणारा विझर्ड बहुधा बसवलेलाच नसतो.

मग समता आणणारी आवृत्ती काय वाईट होती, असं कोणी विचारेल. २००८ ची चौथी आवृत्ती अशीच होती. प्रत्येक क्लासला पहिल्या लेव्हललाच हवं तेव्हा वापरायच्या दोन करामती, चकमकीला एकदा वापरायची एक, दिवसाला एकदा वापरायची एक. विझर्डचे हिट पॉइंट दहा अधिक अंगकाठीचा अख्खा आकडा. मांजरांचा प्रश्न कायमचा मिटला. पाळीच्या मापाने ही आवृत्ती मला खालच्या लेव्हलसाठी उत्तम वाटते. तरी ती अनेकांना रुचली नाही, आणि तक्रार अशी की सगळे क्लास सारखेच लागतात. तक्रारीत थोडं तथ्य आहे. पाळीला वजन असावं याचा अर्थ सगळ्यांच्या पानावर एकाच साच्याचा मजकूर असावा असा होत नाही. पण गंमत बघा, ज्यांना आधी असमतोल सहन होत नव्हता त्यांतल्याच काहींना समतोल आल्यावर चव गेल्यासारखं वाटलं. भांडायला जागा उरली नाही हेही दुःख असू शकतं.

शेवटचा आक्षेप सज्जनांचा. हा सहकाराचा खेळ आहे, खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत, तोल हवाच कशाला? एक जास्त बलवान असला तर फायदा सगळ्यांचाच. आणि कमी-जास्त झालं तर डंजन मास्टर सांभाळून घेतो. याचं उत्तर अस्वलाकडे आहे. २०१४ च्या नियमांत सर्कल ऑफ द मून या शाखेचा ड्रुइड दुसऱ्या लेव्हलला तपकिरी अस्वल होऊ शकतो. अस्वलाचे हिट पॉइंट ३४, ते संपले की खाली ड्रुइडचे स्वतःचे शाबूत. तासाभराची विश्रांती घेण्याआधी हे दोनदा. त्याच लेव्हलच्या फायटरचे एकूण वीसेक. अस्वलाचा चावा आणि पंजे दोन्ही लागले तर सरासरी १९-२० पॉइंट. फायटरच्या दोन हातांच्या तलवारीचे दहा. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा वार मिळतो, विझर्डला फायरबॉल मिळतो आणि अस्वल हळूहळू सामान्य होतं. पण दुसरी ते चौथी लेव्हल या काळात टेबलावर एक अस्वल असतं आणि त्याच्याबरोबर आलेली काही माणसं. सहकार उत्तम चाललेला असतो, शत्रू भराभर पडत असतात, आणि फायटरची पाळी येते तेव्हा मारायला कोणी शिल्लक नसतं. जिंकूनही तो मोबाइल बघत बसतो. सज्जनांच्या हिशेबात हा तोटा दिसत नाही, कारण ते लढाईचा निकाल बघतात.

राहता राहिला डंजन मास्टरचा आधार. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये नवशिक्यांसाठी 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' ही मोहीम होती. तिची सुरुवात रस्त्यात मरून पडलेल्या दोन घोड्यांपाशी होते आणि झुडपांत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा फासा हातात घेतला आहे त्याची ही पहिली लढाई. चार खेळाडू धरून डंजन मास्टरच्याच २०१४ च्या पुस्तकातल्या सूत्राने हिशेब केला तर ती बरोबर 'प्राणघातक' या सर्वांत वरच्या पायरीवर येते. मोहीम लिहिणाऱ्यांनी, क्वचित गॉब्लिन जिंकलेच तर ते बेशुद्ध पडलेल्यांना लुटून निघून जातात, अशी सोयही करून ठेवली आहे. नवखा डंजन मास्टर इथे कोणाला सांभाळणार? त्याला गॉब्लिनचं पान सापडेपर्यंत विझर्ड आडवा झालेला असतो. विझर्डच्या चिलखताचा आकडा १२ असेल तर गॉब्लिनचा वार ६५ टक्के वेळा लागतो, आणि आठ हिट पॉइंटवाला विझर्ड दोन साध्या वारांत किंवा नशीब फिरलं तर एकाच वारात खाली. त्याची पाळी आली की तो जगतो-मरतोचा फासा टाकतो. पहिल्या संध्याकाळी खेळाशी ओळख झाली ती एवढीच.

२०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात रचणाऱ्यांनी यातलं बरंच ताडलेलं दिसतं. सगळ्या क्लासांच्या शाखा तिसऱ्या लेव्हलला नेल्या, त्यामुळे दुसऱ्या लेव्हलचं अस्वल गेलं. जे उरलं त्याला स्वतःचे ३४ हिट पॉइंट मिळत नाहीत, ड्रुइडच्याच जिवावर थोडी भर पडते. स्लीपला आता गॉब्लिनला प्रतिकाराचा फासा टाकता येतो. आणि फायटरला पहिल्या लेव्हलपासून शस्त्रांवरचं प्रभुत्व दिलं आहे. त्यातलं ग्रेझ मला सर्वांत आवडतं: दोन हातांची तलवार चालवताना वार चुकला तरी ताकदीच्या जादा पॉइंटांइतकं डॅमेज होतंच. पहिल्या लेव्हलच्या धडधाकट फायटरचे ते साधारण तीन. शंभरातल्या ज्या पंचेचाळीस पाळ्या आजवर 'चुकलं, पुढचा कोण' एवढ्यावर संपत होत्या, त्यांतही आता गॉब्लिनला काहीतरी होतं. त्याच फेरीत २०२५ ची राक्षसांची नवी सूची आली आणि तिच्यात साध्या गॉब्लिन शिपायाचे हिट पॉइंट ७ वरून १० करण्यात आले. बरोबर तीन.